मॉन्युमेंट व्हॅलीची कौटुंबिक सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून आई-बाबा अमेरिकेत आले की ग्रँड कॅन्यनच्या जोडीला मॉन्युमेंट व्हॅलीचं नाव हमखास निघतं. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरचं हे लाल वाळवंट नावाहो लोकांच्या मालकीच्या भूमीत आहे. तिथले नियम, परवाने आणि घड्याळसुद्धा त्यांचं. सहल बिघडते ती बहुतेकदा घड्याळापायी नाहीतर घाईपायी. म्हणून त्या दोन गोष्टींबद्दल खाली जरा सविस्तर लिहिलं आहे.

हे राष्ट्रीय उद्यान आहे का? आमचा वार्षिक पास चालेल का?

नाही आणि नाही. मॉन्युमेंट व्हॅली हे नावाहो ट्रायबल पार्क आहे. १९५८ साली नावाहो सरकारने ते स्थापन केलं आणि आजही त्यांचाच पार्क विभाग ते चालवतो. अमेरिकन सरकारचा राष्ट्रीय उद्यानांचा पास इथे चालत नाही. प्रवेशशुल्क गाडीमागे नसून माणशी आणि दिवसाप्रमाणे असतं. बरीच वर्षं ते ८ डॉलरच्या आसपास आहे, पण बदलू शकतं, तेव्हा निघण्यापूर्वी नावाहो पार्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. कार्ड चालतं, तरी जवळ थोडी रोकड असू द्या.

नावाहो नेशनचा विस्तार सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर आहे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत तो पसरला आहे. विंडो रॉक ही त्यांची राजधानी. त्यांचे स्वतःचे अध्यक्ष, कायदेमंडळ, पोलीस आणि न्यायालयं आहेत. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने या लोकांना घरादारातून उठवून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोला नेलं. तिथे चार वर्षं काढल्यावर १८६८ च्या तहाने ते आपल्या भूमीत परतले. खोऱ्यात आजही काही कुटुंबं राहतात, मेंढ्या राखतात. आपण त्यांच्या अंगणात जातो आहोत हे लक्षात ठेवलं की पुढचे बरेचसे नियम आपोआप पटतात.

कोणत्या महिन्यात जावं?

आमची पसंती सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. हवा स्थिर असते, दुपार सोसवते, रात्री स्वेटर लागतो. त्याखालोखाल एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. पण वसंतात वारा सुटतो आणि बारीक लाल वाळू डोळ्यांत, कॅमेऱ्यात, डब्यातल्या पोळीतही जाते. दमा असलेल्यांनी मार्च-एप्रिल टाळलेला बरा.

जून ते ऑगस्टमध्ये दुपारी पारा ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर जातो. हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच वाळतो आणि शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. कोकणातल्या उकाड्याची सवय असलेल्या माणसाची इथे फसगत होते, कारण अंग ओलं होत नाही म्हणजे आपण ठीक आहोत असं त्याला वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे वादळी पाऊसही येतात. उन्हाळ्यातच जावं लागणार असेल तर सकाळी १० च्या आत आणि संध्याकाळी ५ नंतर फिरा, मधली दुपार खोलीत काढा.

हिवाळ्यात रात्री तापमान शून्याखाली जातं, कधी बर्फ पडतो. लाल सुळक्यांवर पांढरा थर फार सुंदर दिसतो आणि गर्दी नसते, पण कच्चा रस्ता निसरडा होतो. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला पार्क बंद असतं किंवा लवकर बंद होतं. सुटीला जोडून बेत आखणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

पार्कचं स्वागत केंद्र समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. त्यामुळे वाळवंट असलं तरी सूर्य मावळताच गारठा पडतो.

किती दिवस काढावेत?

निदान एक रात्र तिथेच मुक्काम करा. ग्रँड कॅन्यनहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असा बेत पुष्कळ जण आखतात. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत जातात आणि खोरं भर दुपारी, म्हणजे अगदी सपाट उजेडात दिसतं. स्वागत केंद्रावरून वेस्ट मिटन, ईस्ट मिटन आणि मेरिक ब्यूट हे तीन सुळके पूर्वेच्या बाजूला दिसतात. त्यामुळे सूर्योदयाला त्यांच्या काळ्या आकृत्या उमटतात आणि सूर्यास्ताला ते समोरून उजळून तांबडे होतात. ही दोन्ही दृश्यं पाहायची तर रात्र काढावीच लागते. मार्चच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या मध्याला काही संध्याकाळी वेस्ट मिटनची सावली सरकत जाऊन बरोबर ईस्ट मिटनवर पडते. तारखा जुळत असतील तर तो मुहूर्त साधा.

अंतरं साधारण अशी: फ्लॅगस्टाफहून १८० मैल, ३ तास. ॲरिझोनातल्या पेज गावाहून १२५ मैल, सव्वादोन तास. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमहून १८० मैल, सव्वातीन तास. युटातल्या मोॲबहून १५० मैल, पावणेतीन तास. फिनिक्सहून ३२० मैल, साडेपाच तास. लास व्हेगासहून सुमारे ४०० मैल, सात तास. लास व्हेगासहून एका दमात येऊ नका. पहिली रात्र पेजला, दुसरी मॉन्युमेंट व्हॅलीला आणि तिथून ग्रँड कॅन्यन किंवा मोॲब, हा क्रम मुलांना आणि वडीलधाऱ्यांना सोसतो.

घड्याळाचा नेमका घोळ काय आहे?

ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नावाहो नेशन मात्र करतं, ॲरिझोनात असूनही. त्यामुळे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मॉन्युमेंट व्हॅली ही पेज, फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅन्यन आणि फिनिक्सच्या एक तास पुढे असते. युटाही पुढे असतं, त्यामुळे मोॲबकडून येणाऱ्यांना फरक जाणवत नाही. नावाहो भूमीच्या मधोमध होपी लोकांची भूमी आहे आणि तिथे पुन्हा ॲरिझोनाचं घड्याळ चालतं. ट्यूबा सिटीत रस्त्याच्या या आणि त्या बाजूला उन्हाळ्यात एका तासाचा फरक असतो.

आता घोळ कुठे होतो ते पाहा. अँटिलोप कॅन्यन ही पेजजवळची खडकातली अरुंद घळ नावाहो भूमीत आहे, पण तिथल्या टूर पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या टूर नावाहो वेळेने. समजा जूनमध्ये पेजहून दुपारी २ ला निघालात. सव्वादोन तासांनी तुमच्या मनगटावर सव्वाचार वाजलेले असतील, पण तिथे सव्वापाच झालेले असतील. ५ ची टूर गेली! उलट दिशेने जाताना तासभर आधी पोचता, त्यात नुकसान नाही.

फोनवर विसंबू नका. पेजमध्ये फोन कधी युटाचा टॉवर पकडतो, कधी ॲरिझोनाचा, आणि वेळ आपोआप मागे-पुढे होते. एका फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून तो 'फिनिक्स' वर ठेवा. बुकिंगच्या कागदावर प्रत्येक टूरपुढे 'पेजची वेळ' किंवा 'नावाहो वेळ' असं हाताने लिहून ठेवा. बुकिंग करतानाच विचारा, ही कुठली वेळ? हिवाळ्यात हा प्रश्न उरत नाही. तेव्हा सगळीकडे एकच वेळ असते, फक्त लास व्हेगास एक तास मागे.

राहायचं कुठे?

पार्कच्या आत 'द व्ह्यू' हे नावाहोंच्या मालकीचं हॉटेल आहे. खोलीच्या सज्जातून थेट सुळके दिसतात, आणि आई-बाबांना पहाटे उठून कुठे न जाता सूर्योदय पाहता येतो. जास्त पैसे मोजण्यासारखी ही एकच जागा आहे असं आमचं मत आहे. वरचे मजले लवकर भरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी सहा महिने आधी पाहा. काही मैलांवर गोल्डिंग्ज लॉज आहे. १९२०च्या दशकात तिथे व्यापारी ठाणं म्हणून सुरुवात झाली. तिथे कॅम्पिंगची जागा, दुकान आणि पेट्रोल पंप आहे. स्वयंपाकघर असलेल्या जागाही मिळतात, मोठ्या कुटुंबाला त्या परवडतात.

खोली मिळाली नाही तर दक्षिणेला केयेंटा किंवा ईशान्येला युटातलं मेक्सिकन हॅट. दोन्ही २५ मैलांच्या आत. तिथून सूर्योदयासाठी अंधारात गाडी काढावी लागते, आणि ती सावकाश चालवावी लागते.

आमची साधी सेडान आहे. १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर जाईल का?

कोरड्या दिवसांत, हळू चालवली तर बहुतेकदा जाते. तरीही भाड्याची गाडी असेल तर आमचं उत्तर 'नेऊ नका' असंच आहे.

व्हॅली ड्राइव्ह हा १७ मैलांचा फेरा पूर्णपणे कच्चा आहे. स्वागत केंद्राजवळून तो लगेच खाली उतरतो, आणि हाच उतार सगळ्यात वाईट. खडक वर आलेले असतात, पाण्याने चर पडलेले असतात, गाडीचं पोट घासतं. उतरताना कसंबसं निभावतं. परतताना तोच चढ सैल मातीत चढायचा असतो आणि पुढच्या चाकांवर चालणारी भरलेली गाडी तिथे चाकं फिरवत उभी राहते. पुढे रेन गॉड मेसा या सपाट माथ्याच्या डोंगराभोवती एकेरी वाहतूक आहे, तिथे मऊ वाळूचे पट्टे लागतात. वेगमर्यादा ताशी १५ मैल. थांबत-थांबत दोन ते तीन तास लागतात. मोटरसायकल आणि आरव्हीला (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीला) परवानगी नाही.

भाड्याच्या गाडीच्या करारात 'पक्क्या रस्त्यावरच' अशी अट असते. कच्च्या रस्त्यावर टायर फुटला किंवा तेलाची टाकी फुटली की विमा हात वर करतो, आणि ओढून न्यायला येणारी गाडी फार लांबून येते.

स्वतःची उंच गाडी असेल तर जा, पण प्रवेशद्वारावर रस्त्याची आजची स्थिती विचारून. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर त्या दिवशी नको. वाळूच्या पट्ट्यात मध्येच थांबू नका, एकसारख्या मंद वेगाने पार करा. फोटोसाठी घट्ट जमीन पाहूनच गाडी उभी करा. चाक रुतलं तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खोल जातं. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने उपसा, चाकांखाली गाडीतल्या चटया सरकवा आणि हळूच पुढे काढा. चाकांतली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते, मात्र पक्क्या रस्त्यावर जाण्याआधी ती भरायची सोय हवी. छोटा हवेचा पंप गाडीत असलेला बरा.

मग गाइडबरोबर कोणती टूर घ्यावी?

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने अडीच-तीन तासांची संध्याकाळची टूर घ्यावी. दीड तासाची टूर जवळपास त्याच रस्त्यावरून फिरवते जिथे स्वतःची गाडी जाते. लांब टूर बंदिस्त भागात जाते. तिथे गाइडशिवाय प्रवेश नाही. 'बिग होगन' या घुमटासारख्या खडकाच्या छताला भोक आहे. तिथे पाठ टेकून वर पाहायला सांगतात, आणि पुष्कळदा गाइड तिथेच बासरी वाजवतात किंवा गातात. 'इअर ऑफ द विंड' आणि 'सन्स आय' या कमानीही त्याच वाटेवर. काही टूरमध्ये होगन म्हणजे पारंपरिक घर आतून दाखवतात. त्याचं दार पूर्वेकडे असतं. आत मागावर विणकाम कसं चालतं तेही बघायला मिळतं.

टूरच्या गाड्या बहुधा मागून उघड्या ट्रकसारख्या असतात. धूळ भरपूर, गचके भरपूर. ओढणी किंवा पंचा नाकातोंडावर गुंडाळा, डोळ्यांना गॉगल लावा. काँटॅक्ट लेन्स घालू नका. संध्याकाळच्या टूरला उन्हाळ्यातही जॅकेट घ्या. गाइडला १५ ते २० टक्के टिप देण्याची पद्धत आहे.

आई-बाबांना झेपेल का?

गुडघे दुखत असतील तरी मॉन्युमेंट व्हॅली झेपते, कारण मुख्य देखावा स्वागत केंद्राच्या गच्चीवरूनच दिसतो. कंबर किंवा मणक्याचा त्रास असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर उघड्या ट्रकची टूर नको. बंद गाडीची खाजगी टूर मिळते, ती विचारा. ट्रकमध्ये चढायला दोन-तीन उंच पायऱ्या असतात. मधल्या बाकावर गचके कमी बसतात, शेवटच्या बाकावर सगळ्यात जास्त.

रक्तदाबाच्या आणि लघवी होणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्याचं प्रमाण किती ठेवायचं ते डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं. स्वच्छतागृह लागू नये म्हणून पाणीच न पिणं ही आपल्याकडच्या आजी-मावश्यांची जुनी सवय. या कोरड्या हवेत ती थेट चक्कर येण्याकडे नेते. निघण्यापूर्वी स्वागत केंद्रातलं स्वच्छतागृह वापरा आणि वाटेत कुठे सोय आहे ते गाइडला सुरुवातीलाच विचारा. गाइडना याची सवय असते.

आणीबाणीत ९११. पण अंतरं मोठी आहेत आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवावं लागू शकतं. त्याचा खर्च प्रचंड असतो. भारतातून आलेल्यांचा प्रवास विमा घेताना रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे वाचून पाहा.

लहान मुलांसाठी काय काळजी घ्यावी?

८ वर्षांखालच्या आणि ४ फूट ९ इंचांपेक्षा बुटक्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर लागतो. अँटिलोप कॅन्यनच्या अप्पर भागात जायला ट्रकमध्ये बसावं लागतं आणि तिथेही मुलाची सीट सोबत मागतात. ती नसेल तर जागेवर नकार मिळतो आणि पैसे परत मिळतीलच असं नाही. स्ट्रोलर मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप, दोन्हीकडे निरुपयोगी. बाळाला पुढे बांधायची झोळी चालते, पाठीवरची बहुधा नाही.

कडे उघडे आहेत, कठडे सगळीकडे नाहीत. मोकळे फिरणारे कुत्रे जवळ येतात. बिचारे भुकेले असतात, पण मुलांना हात लावू देऊ नका.

अँटिलोप कॅन्यन: अप्पर की लोअर?

वडीलधारे सोबत असतील तर अप्पर. पायाखाली वाळूची सपाट वाट आहे. मात्र परतीची वाट आता बाहेरून जाते आणि तिथे लोखंडी जिने चढून-उतरून यावं लागतं. ते लक्षात ठेवा. खडकाच्या फटीतून खाली येणारे उजेडाचे खांब मार्चच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारच्या सुमारास दिसतात. त्या वेळची तिकिटं सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी संपतात. मुलं मोठी असतील तर लोअर. तिथे अरुंद जिने उतरायचे असतात, वाट वळणावळणाची, काही ठिकाणी अंग चोरूनच जावं लागतं. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी ती टाळावी.

दोन्हींत नावाहो गाइडशिवाय प्रवेश नाही. पिशवी, पर्स, पाठपिशवी, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक काहीही आत नेता येत नाही. पाण्याची बाटली आणि फोन एवढंच. औषधं खिशात ठेवा.

या कडक नियमांमागे कारण आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये अचानक पूर येऊन ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस तिथे नव्हे, वरच्या बाजूला काही मैलांवर पडला होता. वाळवंटातली कडक जमीन पाणी शोषत नाही, सगळं पाणी एका अरुंद फटीत शिरतं आणि काही मिनिटांत उंची गाठतं. म्हणून डोक्यावर निळं आकाश असतानाही गाइड टूर थांबवू शकतो. तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. गाडी चालवतानाही रस्त्यावरून वाहणारं पाणी ओलांडू नका. खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे दिसत नाही.

शाकाहारी जेवणाचं काय?

सोबत नेलेलं खाणं हाच खरा आधार. दशम्या, ठेपले, मेथीचे पराठे दोन-तीन दिवस टिकतात. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लाडू यांना तर काहीच होत नाही. गाडीतल्या उन्हात दही आणि ओल्या खोबऱ्याची चटणी खराब होते, ती नेऊ नका. खोलीत इलेक्ट्रिक कुकर चालतो का, ते हॉटेलला विचारा. चालत असेल तरी मुगाची खिचडी नुसत्या तुपावर करा. मोहरी-मिरचीची फोडणी दिलीत तर धुराचा अलार्म वाजेल आणि सगळा मजला बाहेर येईल.

तिथल्या जेवणात फ्राय ब्रेड आवर्जून खा. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि कोमट पाणी यांचं मऊ पीठ हातावर थापून गरम तेलात तळतात. कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ फुगलेली. बॉस्के रेडोंडोच्या बंदिवासात शिधा म्हणून मिळालेल्या पिठातून हा पदार्थ आला. गरम-गरम, वर मध घालून मुलं आनंदाने खातात. शाकाहारी असाल तर एवढंच विचारा की तळण प्राण्यांच्या चरबीचं आहे की वनस्पती तेलाचं. त्यावर घेवडा, चीज, लेट्यूस, टोमॅटो घालून नावाहो टाको होतो. त्यात खिमा असतो, तो नको म्हणून सांगता येतं, पण घेवडा मांसाबरोबर शिजवला आहे का तेही विचारा. मटण खाणाऱ्यांची मात्र चैन आहे. बोकड नव्हे, मेंढीचं मटण. बटाटा, मक्याबरोबर मंद शिजवलेलं पातळ कालवण, मसाला जवळजवळ नाहीच. सोबत थोडं कांदा-लसूण तिखट ठेवा.

पाणी, पेट्रोल, नेटवर्क?

माणशी दिवसाला निदान ४ लिटर पाणी गाडीत ठेवा, आधीच्या मोठ्या गावातून भरून घ्या. नावाहो भूमीत अनेक घरांना आजही नळ नाही, लोक टाक्या भरून लांबून पाणी आणतात. कुणाच्या दारात बाटल्या भरायला मागू नका.

पेट्रोल पेज, ट्यूबा सिटी, केयेंटा, गोल्डिंग्ज आणि मेक्सिकन हॅटला मिळतं. पेजहून येणाऱ्या ॲरिझोना ९८ रस्त्यावर साठ-पासष्ट मैल जवळपास काहीच नाही. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. फोनचं नेटवर्क मध्येमध्ये नाहीसं होतं, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा आणि बुकिंग कागदावर छापून न्या.

रात्री गाडी चालवली तर?

टाळा. घोडे, गाई, मेंढ्या कुंपणाशिवाय चरतात आणि रात्री डांबर उबदार असतं म्हणून त्यावर येऊन उभ्या राहतात. ताशी ६५ मैलांनी गाडी चालवताना काळा घोडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सूर्यास्त पाहून तीन तासांवरच्या हॉटेलात परतण्याचा बेत म्हणूनच करू नये.

दारू, ड्रोन, फोटो यांचे नियम?

नावाहो नेशनमध्ये दारू विकणं आणि जवळ बाळगणं दोन्ही बेकायदा आहे. हॉटेलात मिळत नाही, आणि गाडीच्या डिकीत बंद बाटलीही नको. ड्रोनला बंदी आहे. सुळक्यांवर चढायला बंदी आहे. दगड, मातीचे तुकडे, वाळू उचलून आणायची नाही.

देखाव्याचे फोटो घरच्यासाठी हवे तेवढे काढा. माणसांचे, घरांचे, जनावरांचे काढण्याआधी विचारा. व्हॅली ड्राइव्हवरच्या जॉन फोर्ड्स पॉइंटवर घोडेस्वार फोटोसाठी उभा असेल तर ते त्याचं काम आहे, पैसे देऊनच काढा. धार्मिक विधी चालू दिसला तर थांबू नका, चित्रीकरण तर नाहीच. जुन्या पडक्या वस्त्यांना हात लावू नका, आत शिरू नका. तशा जागा आणि मृतांशी संबंधित गोष्टींपासून नावाहो लोक स्वतःही दूर राहतात.

युटाकडून येताना यूएस १६३ वर १३ क्रमांकाच्या मैलाच्या खुणेजवळ सरळ रस्ता आणि मागे सुळके असा प्रसिद्ध देखावा आहे. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोटो काढतात. तिथून ट्रक वेगाने येतात. गाडी थांब्यावर लावा आणि मुलांचा हात सोडू नका.

गाइडशिवाय पायी फिरता येतं का?

वेस्ट मिटनला वळसा घालणारी वाइल्डकॅट ट्रेल ही एकच वाट आहे, सुमारे ४ मैल, दोन-तीन तास. सावली अजिबात नाही, परतताना वाळूतला चढ दमवतो. पहाटे जा, आणि त्या दिवशी वाट उघडी आहे का ते प्रवेशद्वारावर विचारा.

दागिने, गालिचे घ्यायचे तर अस्सल कसं ओळखायचं?

करणाऱ्याच्या हातून घ्या. चांदीच्या दागिन्याच्या मागे कारागिराचा ठसा पाहा, आणि फिरोझा नैसर्गिक आहे की चुरा दाबून केलेला, हे सरळ विचारा. नावाहो गालिच्याचा उभा धागा अखंड असतो, त्यामुळे टोकांना सहसा झालर नसते. दोन्ही टोकांना मोकळी झालर असलेला स्वस्त गालिचा बहुधा बाहेरून नक्कल होऊन आलेला असतो. खोटा माल 'नेटिव्ह अमेरिकन' म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे.

घासाघीस करू नका. लहानसा गालिचाही विणायला आठवडे जातात, आणि त्या पैशांवर एक घर चालतं. परवडत नसेल तर चाळीस डॉलरचं छोटं कानातलं घ्या.

लोकांशी बोलताना काही वेगळं पाळावं लागतं का?

हस्तांदोलन हलकं असतं, जोरात हात दाबू नका. बोट दाखवणं उद्धट समजतात. बोलताना मध्ये शांतता पडली तर ती भरायची घाई नको, समोरचा विचार करत असतो. गाइडला त्याच्या घरच्या मेंढ्यांबद्दल, आजी-आजोबांबद्दल विचारा, तो खुलून बोलेल. धर्मविधींबद्दल खोदून विचारू नका.

जोडून आणखी काय पाहावं?

एक दिवस जास्त असेल तर कॅन्यन डी शे. चिनले गावाजवळ, मॉन्युमेंट व्हॅलीहून सुमारे दोन तास. प्रवेशशुल्क नाही, वरच्या कड्याचे दोन्ही रस्ते पक्के आणि साध्या गाडीला चालणारे. स्पायडर रॉक हा सुमारे ८०० फुटी जोडसुळका पाहायला वडीलधाऱ्यांना थोडंच चालावं लागतं. खाली खोऱ्यात आजही शेती होते, तिथे जायला नावाहो गाइड लागतो. चार राज्यं जिथे मिळतात ते फोर कॉर्नर्स फोटोपुरतं ठीक. वाट वाकडी करून जाण्याइतकं तिथे काही नाही.

पावसामुळे किंवा वाऱ्यामुळे टूर रद्द झाली तर?

टूरवाल्याने स्वतः रद्द केली तर बहुतेक जण पैसे परत देतात किंवा दुसरी वेळ देतात. तुम्ही उशिरा पोचलात तर मात्र नाही. म्हणून अँटिलोपची टूर पेजच्या मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी घ्या, म्हणजे बिघडली तर दुपारची किंवा दुसऱ्या सकाळची वेळ हाताशी राहते. मॉन्युमेंट व्हॅलीत पोचल्या संध्याकाळची टूर ठरवा आणि निघायची सकाळ मोकळी ठेवा. वादळ बहुधा रात्रीपर्यंत ओसरतं. रस्ता चिखलाचा झाल्यामुळे टूर बंद असल्या तरी स्वागत केंद्राची गच्ची उघडी असते, आणि पावसानंतरच्या सकाळी खालच्या खोऱ्यात कधीकधी धुकं साचतं. त्या दिवशी निघायची वेळ दोन तास पुढे ढकला.